जुना नॅस: आधी बॅकअप, मग फर्मवेअर, मग डिस्क

नॅसच्या (नेटवर्कवर फायली साठवणारा डिस्कचा डबा) फर्मवेअरला, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरला, हात लावण्याआधी सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करा. रेड (RAID, अनेक डिस्क जोडून एकच साठा करण्याची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे. हे मी एकदा ॲरे (असा जोडलेला डिस्कचा संच) गमावून शिकलो. सध्याची आवृत्ती फार जुनी असेल तर थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी मारू नका, रिलीज नोट्समध्ये मधला टप्पा सांगितलेला असतो. अपडेट चालू असताना वीज गेली तर डबा विटेसारखा निपचित पडू शकतो, म्हणून यूपीएस लावाच.

डिस्क घेताना आधी उत्पादकाची सुसंगतता यादी बघा. काही जुन्या नॅसना २ टीबीपेक्षा मोठी डिस्क नीट ओळखताच येत नाही. काहींना नव्या फर्मवेअरनंतर येते, म्हणून अपडेट आधी.

आता खरी मेख. सीएमआर डिस्कच घ्या, म्हणजे जिच्यात डेटाचे ट्रॅक एकमेकांवर न चढता शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे रीबिल्डच्या (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारण्याच्या) सलग लेखनात ती रखडते आणि कधी कधी ॲरेबाहेर फेकली जाते. डिस्कच्या खोक्यावरच्या 'नॅस' शब्दावर विसंबू नका: वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' (Red) मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. मॉडेल क्रमांक तपासा. वेगाचं म्हणाल तर ५४०० आरपीएम (मिनिटाला फेरे) पुरे, जुन्या प्रोसेसरला तेवढंच झेपतं.