'मेंदूत चढलेला' हिवताप आणि रक्तवाहिनीचे अस्तर

शहाद्याच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, तीव्र हिवतापावरील एका लेखात 'रक्तवाहिनीच्या अस्तराची इजा दाखवणारी प्रथिने' असे वाचले. 'अस्तर' हा शिवणकामातला शब्द वैद्यकात चालेल का, की 'अंतःस्तर' लिहावे, आणि 'मार्कर'ला मराठीत काय म्हणावे?

'अस्तर' चालेल, माझ्या मते तोच लिहावा. पावसाळा सरत आला की तळोद्यापासून चोपडा-यावलपर्यंत 'मलेरिया मेंदूत चढला' हे वाक्य हमखास कानी पडते, आणि ते साफ चुकीचे आहे. तीव्र हिवताप आणणारा फाल्सिपॅरम जातीचा परजीवी रक्तवाहिनी ओलांडून मेंदूच्या पेशींत शिरत नाही. तो ज्या तांबड्या पेशीत वाढतो तिच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उठतात, त्या गाठींवरचे परजीवीचे प्रथिन केशवाहिनीच्या आतल्या थराला चिकटते, आणि मुळातच एका तांबड्या पेशीला अंग चोरून जावे लागेल इतकी अरुंद असलेली वाट तुंबते. हा थर अवघ्या एका पेशीच्या जाडीचा असतो. अनर्थाची सुरुवात तिथेच होते, म्हणून त्याचे नाव नेमके हवे.

इंग्रजीत त्याला एंडोथेलियम म्हणतात. हा शब्द विल्हेल्म हिस या स्विस शरीररचनाशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये रूढ केला, तोही 'एपिथेलियम' या जुन्या शब्दाच्या धर्तीवर. आणि त्या जुन्या शब्दातील 'थेले' म्हणजे ग्रीकमध्ये स्तनाग्र. त्यावरून एका नाजूक आवरणाला दिलेले नाव पुढे शरीरातल्या सर्वच आवरणांना चिकटले, आणि त्याला 'आतले' हे उपपद लागून रक्तवाहिनीत जाऊन बसले. 'थेले'चे मूळ 'चोखणे' या अर्थाच्या ज्या प्राचीन धातूत आहे, त्याच धातूतून संस्कृतातील 'धयति' आला, दूध पाजणारी 'धेनू' आली आणि अंगावर पिणारे बाळ म्हणजे 'स्तनंधय'ही आले. आपल्या गोठ्यातली धेनू आणि प्रयोगशाळेतले एंडोथेलियम एका कुळातले आहेत, याचा मला अपार आनंद वाटतो. पण व्युत्पत्ती कितीही गोड असली तरी रक्तवाहिनीतल्या थराचे वर्णन ती मुळीच करत नाही.

'अस्तर' ते करतो. तो फारसीतून आला, एवढ्यावरून संस्कृतनिष्ठ परिभाषेचे पुरस्कर्ते त्याला नाक मुरडतात. मला तर हा शब्द 'स्तृ' म्हणजे पसरणे या धातूच्या इराणी भावंडापासून निघालेला आणि म्हणून 'आस्तरण', 'स्तर' यांचा चुलतभाऊच दिसतो. मग परका कोण? शिवाय 'अंतःस्तर' म्हटल्याने आत कुठला तरी थर आहे इतकेच कळते. 'अस्तर' म्हटले की खान्देशातल्या कुठल्याही शिंप्याला कळते की ते आतून सलग लावलेले असते, बाहेरच्या कापडाला जपते, आणि ते विरले की बाहेरचे कापडही फार दिवस टिकत नाही. हेच तर रक्तवाहिनीत घडते. अस्तराच्या पेशींत विबेल आणि पलाडी या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये वर्णन केलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. पेशी चेतवल्या गेल्या की त्या पिशव्यांतून अँजिओपोएटिन-२ आणि वॉन विलेब्रांड घटक ही प्रथिने रक्तात सुटतात. पहिले अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल करते. एरिक फॉन विलेब्रांड या फिनिश डॉक्टरांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील एका कुटुंबाच्या रक्तस्रावी आजाराचे वर्णन केले, म्हणून दुसऱ्याला त्यांचे नाव मिळाले; त्याचे लांबच लांब धागे अस्तरावर तरंगत राहतात आणि त्यांना बिंबाणू (प्लेटलेट्स), तसेच बाधित तांबड्या पेशी अडकतात. त्याच वेळी सांधे घट्ट ठेवणारे अँजिओपोएटिन-१ मात्र रक्तात घटते.

'मार्कर'साठी 'निदर्शक' लिहावे. 'कारक' लिहू नये, कारण रक्तात एखादे प्रथिन वाढलेले दिसले म्हणजे इजा त्यानेच केली असे ठरत नाही. इथे अँजिओपोएटिन-२ इजा दाखवते आणि तिला हातभारही लावते, हा योग निराळा. तीव्र हिवतापात त्याची पातळी जितकी चढलेली, तितका मृत्यूचा धोका अधिक आढळतो. बातमी लिहिणाऱ्याला 'चढला' हे क्रियापद वापरायचेच असेल, तर ते या पातळीसाठी वापरावे.