ईसीएम बदलण्याआधी सेन्सरचा कपलर उघडून बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. इग्निशन चालू केलं की लगेच रेडिएटरचा फॅन फिरायला लागतो, सकाळी सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, अ‍ॅव्हरेज पडलंय, कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा) टेम्परेचर सेन्सर एकदा बदलून झालाय आणि आता गॅरेजवाला म्हणतोय की ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला. कृपा करून एवढ्यात ईसीएमला हात लावू देऊ नका.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. माझी २०१२ ची साधी पेट्रोल हॅचबॅक आहे आणि जे लिहितोय ते तिच्याच अनुभवावरून. डिझेलबद्दल मी बोलणार नाही. सेन्सर कुठे असतो, कसा खोलतात हे तुम्ही एकदा करून बसलाय, म्हणून तेही सोडतो.

माझ्या गाडीची तक्रार तुमच्या उलट होती. टेम्परेचरचा काटा नेहमीपेक्षा खाली राहायचा, फॅन फार उशिरा लागायचा आणि अ‍ॅव्हरेज सतरावरून बारावर आलं होतं. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये (नाव घेत नाही) दोन महिन्यांत दोनदा सेन्सर बदलला. दोन्ही वेळा नवा सेन्सर घालून जुनाच कपलर (वायरींच्या टोकाचा प्लग) त्यावर दाबून बसवला. आत डोकावून बघायला अर्धा मिनिट लागला असता, तो कोणी दिला नाही. तिसऱ्या खेपेला बावीस हजारांचं ईसीएमचं कोटेशन हातात ठेवलं. मी विचारलं, ईसीएम खराब आहे हे कशावरून? काउंटरवरच्या माणसाचं उत्तर होतं, 'सर, आता तेच राहिलंय.' ते वाक्य आठवलं की आजही राग येतो. एकेक वस्तू बदलत जाणं म्हणजे निदान नव्हे.

पण सगळ्यात महागात पडलेली चूक माझी स्वतःची. कंटाळून मी रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून फॅन डायरेक्ट करून घेतला. चावी फिरवली की फॅन सुरू, मग इंजिन तापेल कशाला, असा माझा हिशोब. चार महिने गाडी तशीच चालवली. मे महिन्यात ठाण्याहून नाशिकला येताना कसारा घाटात ट्रकच्या रांगेत अडकलो होतो, आई मागच्या सीटवर होती. पेडल दाबूनही गाडी ओढेना, इंजिनातून टकटक आवाज यायला लागला. काट्याकडे बघितलं तर निम्म्याच्याही थोडा खाली. म्हणून मी थांबलो नाही, आणखी दोन वळणं चढवली. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली.

वॉटर पंपाच्या सीलमधून कूलंट हळूहळू गळत होतं. पाणीच कमी झाल्यावर फॅन कितीही फिरला तरी काय उपयोग? आणि ज्या काट्यावर मी विसंबलो, त्याला आकडा त्याच खोट्या सर्किटमधून मिळत होता. लाल दिवाही त्याच सेन्सरवर चालतो, तोही लागला नाही. इंजिनचं हेड वाकलं, गॅस्केट गेलं, फेसिंग (हेड घासून सपाट करणं) धरून चौतीस हजार गेले.

हेड खोलणाऱ्या कारागिराने मला बोलावून कपलर उन्हात धरून दाखवला. एक पिन स्वच्छ पिवळी. दुसरीवर, तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा थर. पहिल्या सेन्सरच्या रबरी ओ-रिंगमधून कूलंट पाझरून आत गेलं होतं. दीडशे रुपयांचा वायरसकट कपलर बसवला आणि सगळं सुरळीत झालं.

इथे थोडा हिशोब देतो, कारण वर्कशॉपवाले यातच फसले. हा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) कमी होतो. दोन वायरींच्या एका प्रचलित प्रकारात २० अंशांना साधारण २५०० ओहम असतात, ९० अंशांना जेमतेम २४०. आता गंजलेल्या पिनमुळे ३०० ओहम जादा आले असं धरा. थंड गाडीत २५०० चे २८०० झाले, म्हणजे दोन-तीन अंशांचा फरक, कोणाच्या लक्षात येणार? पण ९० अंशांना २४० चे ५४० होतात आणि ईसीएमला वाटतं इंजिन ६०-६५ वरच आहे. तो बिचारा थंड इंजिन समजून पेट्रोल जास्त सोडतो आणि फॅन लावत नाही. ११५ अंशांना पाणी उसळत असलं तरी आकडा ७० च्या आसपास. वर्कशॉपने सकाळी थंड गाडीवर तपासून 'ओके' लिहिलं होतं ते यामुळे. चेक इंजिनचा दिवाही लागला नाही, कारण आकडा खोटा असला तरी अशक्य नव्हता. (तुमच्या गाडीचे ओहम वेगळे असू शकतात, मॅन्युअलमधला तक्ता बघा.)

तुमच्याकडे बहुधा सर्किट पूर्णच तुटलंय. तेव्हा ईसीएमला उणे ४० च्या आसपास दिसतं आणि बऱ्याच गाड्यांत तो सुरक्षेसाठी फॅन सतत चालू ठेवतो. गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पी०११८ असेल तर जवळपास नक्कीच. तो फॅन तुमचं इंजिन वाचवतोय, त्याला तोडू नका.

हजाराच्या आत मिळणारं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र घ्या, ते ईसीएममधले आकडे आणि कोड मोबाईलवर दाखवतं. इंजिन थंड असताना, चावी ऑन पण इंजिन बंद, सेन्सरचा कपलर काढा. आकडा उणे ४० दिसायला हवा. मग कपलरच्या दोन टोकांना वायरच्या तुकड्याने जोडा. आकडा एकदम १३०-१४० च्या घरात गेला तर ईसीएम आणि वायरिंग ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा पिनच्या पकडीत. उडी मारली नाही तर ईसीएमपर्यंतची वायर तपासा, उंदीर हमखास तिथे दात लावतात. हे फक्त दोन वायरींच्या सेन्सरवर करायचं, दुसऱ्या कुठल्या कपलरमध्ये वायर खुपसू नका. फॅन अचानक सुरू होतो, हात लांब ठेवा. नंतर कोड पुसून टाका.

पिना काँटॅक्ट क्लीनरने धुवा, सैल असतील तर कपलरच बदला. सेन्सर घालताना नवी ओ-रिंग घाला. एका वायरीच्या जुन्या सेन्सरला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याचं अर्थिंग बॉडीतूनच मिळतं. कूलंट भरल्यावर हवा काढायला विसरू नका, सेन्सर हवेत राहिला तर चुकीचंच सांगेल. सर्व्हिसिंगला बॉनेटखाली प्रेशरने पाणी मारू देऊ नका. मी तर आता हे जॉब कार्डवर लिहूनच घेतो.

आणि कोणी 'आपल्याकडे थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाकू' म्हणालं तर तिथून गाडी काढून घ्या. माझं मत कडक वाटेल, पण थर्मोस्टॅटची झडप इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही; ती काढल्यामुळे इंजिन कायम थंड राहिलं की पेट्रोल जास्त जळतं आणि तुम्ही पुन्हा सेन्सरच बदलत बसता.

उद्या सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, स्टार्ट करण्याआधी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं टेम्परेचर दोन्ही वाचा. दोन्ही जवळपास सारखी यायला हवीत. ते आकडे, कोड आणि कपलरच्या आतला एक फोटो इथे टाका, मी रात्री आठनंतर बघतो.