सोलापुरात टॉवेल-चादरींचं गोदाम आणि दोन ट्रक आहेत. त्यांचा पुरेपूर वापर होतोय का, हे कसं तपासायचं?

सुरुवात ट्रकपासून करा, पैसा तिथेच गळतो. टॉवेल हलके पण जागाखाऊ, त्यामुळे वजनकाट्यावर गाडी अर्धी रिकामी दिसते आणि हौदा मात्र गच्च असतो. कांद्याचं उलटं: हौद्यात जागा उरते, पण वजनाची मर्यादा संपलेली असते. म्हणून वजन आणि घनफळ दोन्ही मोजा. ज्याची टक्केवारी जास्त, तोच तुमचा खरा वापर.

मग मालासह धावलेले किलोमीटर भागिले एकूण किलोमीटर. हैदराबादला भरून गेलेली गाडी रिकामी परतली, तर हा आकडा ५० टक्केच. परतीचं भाडं मिळवणं हा भाग सगळ्यात अवघड, आणि खरी कमाईही त्यातच. गाडी फाटकातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळही लिहून ठेवा. फास्टॅगच्या नोंदींतून ते कळत नाही.

गोदामात नुसते चौरस फूट बघू नका, उंचीही धरा. साधारण ८५ टक्क्यांच्या वर भरलं की माल हलवायलाच जागा उरत नाही, म्हणजे १०० टक्के हे ध्येयच चुकीचं. आणि वर्षाची सरासरी फसवी असते, आकडे महिनावार काढा. दिवाळीआधीचा महिना आणि ऐन पावसाळा एका मापात बसत नाहीत.