आधी कोणता प्रकल्प?

प्रश्न : हाती अनेक प्रकल्प आहेत, माणसे मोजकी. प्राधान्य कसे ठरवावे?

उत्तर : झालेल्या कामाच्या अंदाजपत्रकी मूल्याला प्रत्यक्ष खर्चाने भागा. अंदाजपत्रक 100, काम 40 टक्के, खर्च 50 असेल तर झालेल्या कामाचे मूल्य 40 आणि खर्चाचा निर्देशांक (40 भागिले 50) 0.8 येतो. खर्चाचे हेच प्रमाण राहिले तर एकूण खर्च 125 (100 भागिले 0.8) होईल, म्हणजे अजून 75 लागतील. अपेक्षित लाभाला या 75 ने भागून क्रम लावा. आधीचे 50 हिशेबात धरूच नका. प्रकल्प चालवा वा थांबवा, ते परत येत नाहीत. इथेच बहुतेक जण अडकतात.

घोळ होतो तो टक्केवारीत. ‘90 टक्के झाले’ हा अंदाज महिनोन्‌महिने हलत नाही, म्हणून तपासून स्वीकारलेले भागच मोजा. अर्धवट भागाला शून्य. नवा प्रकल्प निवडताना तशाच जुन्या प्रकल्पांचा खर्च मूळ अंदाजाच्या किती पट गेला ते काढा आणि नव्या अंदाजाला त्याने गुणा.