अमेरिकेत बंदुकीच्या सायलेन्सरवर बंदी हवी की मोकळीक?

बंदी नको आणि पूर्ण मोकळीकही नको, बॅकग्राउंड चेक (घेणाऱ्याच्या पार्श्वभूमीची तपासणी) आणि नोंदणी ठेवा, एवढं पुरे. पिक्चरमध्ये दाखवतात तसा 'फुस्स' आवाज खऱ्यात येत नाही, साधारण १६० डेसिबलचा बार २०-३५ डेसिबलने कमी होतो, म्हणजे तरी मोठाच राहतो, फायदा मुख्यतः कानांना. १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टने यावर २०० डॉलर टॅक्स लावला होता (त्या काळात हे म्हणजे जवळजवळ बंदीच!), तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय पण फेडरल (केंद्र सरकारकडची) नोंदणी कायम आहे आणि माझ्या मते ती राहावीच, कारण वस्तू कोणाकडे आहे ते कळतं. फक्त कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत सामान्य माणसाला मुळात बंदीच आहे, तिथे फेडरल नियम सैल होऊन काही फरक पडत नाही.