एका ट्यूबचे तीन धनी

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी घरून सावजी जेवणाचे डबे देते, रोज 24. दोन्ही हातांना, तळव्यांना आणि मागूनही, खाज सुटून चिरा पडून राहिल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी एक्झिमा सांगितला आणि मोमेटासोनची 15 ग्रॅमची ट्यूब दिली. रोज रात्री एकदा, पंधरा दिवस. पण जाऊबाई म्हणाल्या, "स्टिरॉइड आहे ते, चामडी कागदासारखी होते." म्हणून मी तुरीच्या दाण्याएवढं घेते, दोन-तीन दिवस लावते आणि खाज थांबली की बंद करते. आठवडाभरात पुन्हा तेच. चार महिने झाले, ट्यूब अजून संपली नाही. मधात ह्यांनी जांघेतल्या गजकर्णाला तीच लावली. आधी आराम पडला, आता चट्टे मांडीवर उतरले. आणि बारावीतली मुलगी मुरुमांच्या डागांसाठी मागून राहिली. देऊ का?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, मुलीला देऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण माझं उत्तर लांबणार आहे आणि तोवर ती ट्यूब तिच्या खोलीत पोचलेली असेल. चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत राहिलं तर मुरूम वाढतात, लाली येते, लव दाट होते, आणि बंद केलं की चेहरा असा भडकतो की पोरगी पुन्हा तीच ट्यूब शोधते.

आता तुमचे हात. ट्यूब चार महिने पुरली, तीही यजमानांनी वापरून, इथेच माझ्या लक्षात आलं. हिशेब करू. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची एक रेघ पिळायची. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि एका हाताला पुढून-मागून पुरते. 1991 मध्ये कार्डिफच्या डॉक्टरांनी सुचवलेलं हे माप आजही जगभर चालतं. तुमच्या दोन हातांना दोन रेघा, म्हणजे रोज 1 ग्रॅम. पंधरा दिवसांत 15 ग्रॅमची ट्यूब संपायलाच हवी होती. डॉक्टरांनी दिली ती मोजूनच दिली होती.

जाऊबाई खोटं बोलल्या नाहीत. चामडी पातळ होते, पण कुठे आणि किती दिवसांत, ते त्यांनी सांगितलं नाही. तळहाताची कातडी शरीरातल्या सगळ्यांत जाड कातड्यांपैकी. तिथे पंधरा दिवस मोमेटासोन लावून सहसा काही बिघडत नाही. उलट तुम्ही करता ते वाईट. खाज थांबली म्हणजे आतली सूज गेली असं नसतं. डोळे मिटून दुसऱ्या हाताच्या बोटाने चाचपा. खरखरीत, जाडसर लागतंय तोवर आग विझलेली नाही, राखेखाली निखारा आहे. तो तसाच सोडायचा, पुन्हा पेटला की पुन्हा चिमूटभर, या नादात चार महिने हात सुजलेलेच राहिले. आता डॉक्टरांना एकदा हात दाखवा, हे सगळं जसंच्या तसं सांगा आणि कोर्स नीट पुरा करा. वारंवार उलटणाऱ्या एक्झिमाला नंतर आठवड्यातून दोनच दिवस लावून आवरता येतं. तुमच्या बाबतीत तसं करायचं का, तेही तिथेच विचारा. पिवळं पाणी येऊ लागलं, हात ठणकले किंवा ताप आला, तर मात्र वाट पाहू नका.

यजमानांचं प्रकरण वेगळंच आहे. 1967 साली दोन संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड त्वचेच्या कुठल्या भागात किती मुरतं ते मोजलं. कोपराखालच्या हाताचं 1 धरलं तर तळहाताचं 0.83, कपाळाचं 6 आणि वृषणाच्या त्वचेचं 42. तुमच्या हातावर जे औषध बेताचं, ते त्यांच्या जांघेच्या आसपास पन्नास पटीच्या घरात जाऊ शकतं. शिवाय गजकर्ण ही बुरशी. स्टिरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मरत नाही. घरात चोर शिरला असताना कुत्र्याचंच तोंड बांधावं, तसं हे. चोर निवांत मांडीपर्यंत पोचला. त्यांनी ट्यूब आजच सोडावी. चार-आठ दिवस खाज उसळेल, तेव्हा घाबरून परत तिकडे वळू नये. मेडिकलमध्ये दाखवा. (आपल्याकडे 'मेडिकल' म्हणजे कोपऱ्यावरचं दुकानही आणि मेडिकल चौकातलं सरकारी रुग्णालयही. मी रुग्णालयाच्या त्वचा विभागाबद्दल बोलते आहे!) चट्ट्याचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, लगेच कळतं. पुढे औषध कित्येक आठवडे घ्यावं लागतं. टॉवेल वेगळा आणि चड्ड्या उन्हात.

ओपीडीत एक आजोबा संत्रा बर्फीच्या डब्यात नऊ ट्यूबा घेऊन आले होते. कुठली मुलाची, कुठली सुनेची, त्यांनाही ठाऊक नव्हतं. 2018 पासून बहुतेक स्टिरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, पण घरातल्या घरात चिठ्ठी कोण मागतं? ट्यूबवर तुमचं नाव आणि सुरू केल्याची तारीख स्केचपेनने लिहून टाका. आणि ती ओट्याजवळच्या खिडकीत ठेवू नका, मे महिन्यात तिथे मलमाचं तेल सुटतं.

व्हॅसलीन दिवसातून चार-पाचदा, हात धुतल्यावर दर वेळी. रात्री आधी मोमेटासोन, अर्ध्या तासाने व्हॅसलीन. दोन्ही कालवून लावू नका. भांडी घासताना आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे घाला.

एक शंका मात्र राहून राहून येते. 24 डब्यांचा सावजी मसाला म्हणजे रोज किती लसूण सोलत असाल! लसणाची ॲलर्जी ओळखायची खूण आहे. उजव्या हाताने सोलणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, पाकळी धरायची तेवढीच टोकं, जास्त फाटतात. आणि ते रसायन बहुतेक हातमोज्यांतूनही पार होतं, म्हणून मोज्यांवर भरवसा नको. पंधरा दिवस लसूण यजमानांना सोलायला लावा, त्यांच्याकडे तुमच्या ट्यूबची उधारी आहेच. मग कळवा, कुठली बोटं आधी भरली. डावखुऱ्या असाल तर तेही लिहा.