आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती औशाजवळ गावी, मी पुण्यात. ती व्यायाम टाळते. एखादं ॲप सुचवाल का?

ॲप भरपूर आहेत, पण आईंसाठी नवीन ॲपच्या भानगडीत पडू नका. बहुतेकांची भाषा इंग्रजी असते. व्हॉट्सॲप त्यांच्या हातात बसलेलं आहे, तेच वापरा.

पुढच्या वेळी लातूरला दाखवायला न्याल तेव्हा फिजिओथेरपिस्टला विचारून आईंचाच व्हिडिओ काढा. पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबून ५ सेकंद धरला, मग सैल सोडला. मागून सांगणाऱ्यांचा आवाज मराठीत. एका व्हिडिओत एकच व्यायाम. स्वतःलाच करताना पाहिलं की ‘मला नाही जमत बाई’ म्हणता येत नाही. गावात रेंज जाते, म्हणून व्हिडिओ फोनमध्ये सेव्ह करून द्या.

गजर सकाळच्या चहानंतरचा लावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज गजराला लावता येतो. नातवाचं ‘आजी, पाय हलव!’ कंपनीच्या ट्यूनपेक्षा नक्की चालेल.

तरी खरं काम रोजच्या विचारपुशीनं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतसुद्धा दीर्घकालीन उपचार नीट पाळणारे रुग्ण सरासरी निम्मेच. म्हणजे आई आळशी नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावा आणि ‘केलं का?’ न विचारता ‘आज गुडघा किती वाकला, दाखव’ म्हणा.

पोटरी सुजली, लाल झाली किंवा जास्त दुखू लागली, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.